उजवीकडचा कान

"ढकल गं, ढकल! ओढतेस काय?"

काचेच्या दारापलीकडून आलेला तो आवाज इतक्या वर्षांनीही तिच्या मनात कोरा करकरीत आहे, घडीसुद्धा न मोडलेला. तिला तेव्हा वाटलं होतं, आपल्यावर कुणी ओरडतंय. मग दिसलं, आत पांढऱ्या केसांची एक बाई दोन्ही हातांनी हवा ढकलून दाखवतेय, हसतेय, आणि तिच्या तोंडात एकही दात नाही. सलूनच्या सुट्टीचा दिवस होता. दारावर 'बंद'ची पाटी, आणि आत फिरत्या खुर्च्यांवर माणसं गोल करून बसलेली, जणू सगळ्यांचेच केस एकदम कापायचे आहेत आणि कापणाराच हरवलाय. तिच्या पिशवीत कापसात गुंडाळलेली डबी होती, डबीत तिनंच केलेली कवळी. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाईंचा पाय मुरगळलाय, त्या जिना चढून येणार नाहीत, जाता जाता देऊन ये आणि नीट बसते का बघ. तिनं दार ढकललं. बाईंनी सगळ्यांदेखत, काडीचाही संकोच न करता, वरचा जबडा बसवला, खालचा बसवला, गाल आत-बाहेर करून पाहिले आणि नव्या दातांतून पहिला शब्द काढला, "बस." त्यातला 'स' अख्खा आला, कुठं फुसफुसला नाही. दात करणाऱ्याला 'स'ची धास्ती असते. तो असा ठणठणीत आलेला ऐकून ती इतकी खूश झाली की खरोखरच बसली. एका फिरत्या खुर्चीत, पिशवी मांडीवर घेऊन. आणि बसली ती बसलीच. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण होत्या, त्यांनी त्या संध्याकाळी नव्या दातांनी प्रार्थना केली, आणि प्रभूचे आभार मानताना मध्येच डोळे उघडून तिला म्हणाल्या, "खालचा डावीकडे जरा टोचतोय हं."

आज सकाळी ती मेणाच्या पट्टीवर कुणा अनोळखी माणसाचे पुढचे दात लावत होती. स्पिरिटचा दिवा निळा जळत होता, फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं आ वासून बसले होते. पुढचे दात ती कधीच अगदी सरळ लावत नाही. एखादा किंचित तिरका लावते. फार शहाणे दात दिसायला खोटे दिसतात. तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ. त्याचा आवाज नेहमीच धावत आल्यासारखा.

"ताई, कामात आहेस का? मिनिटभर ऐक. मी काल तुझ्या त्या प्रार्थनेच्या बाईंना फोन केला होता. म्हटलं, सांगून टाकावं, ताई आता आमच्याकडेच राहायला येतेय."

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"तेच गं. म्हणून तर केला. म्हटलं, तुझी मंडळी काय म्हणतील हेच तुझ्या मनात असणार. अगं, त्या इतक्या खूश झाल्या! देवाची स्तुती असो म्हणाल्या. आम्ही तिला छान निरोप देऊ म्हणाल्या. झालं ना? आता संध्याकाळपर्यंत हो म्हण, म्हणजे रंगारी उद्यापासून तुझ्या खोलीला लागतील. मुलं भांडतायत, आत्याच्या खोलीला रंग कुठला. बोल, पिवळा की हिरवा?"

"सांगते," ती म्हणाली. फोन ठेवला आणि पाहिलं तर हातातला दात मेणात उलटा गेला होता.

खूश झाल्या. दातांच्या फटीत काहीतरी अडकावं आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जावी, तसं ते दिवसभर झालं. खूश झाल्या. यात वाईट काय आहे? माणसं आपल्या बाबतीत खूश व्हावीत, याहून चांगलं काय असतं? ती स्वतःला समजावत राहिली, आणि जीभ पुन्हा तिथं. खरं तर भावाचं काहीच चुकत नव्हतं. आई गेल्यापासून तो दर आठवड्याला हेच म्हणतोय, आणि प्रेमानं म्हणतोय. एकटी काय राहतेस, दात काय कुठंही करता येतात, माणसांना सगळीकडेच चावायचं असतं. त्याची बायको चांगली, मुलं लाघवी, घर हवेशीर. नाही म्हणायला एकही कारण हाती लागत नाही, आणि तरी 'हो' हा एवढासा शब्द तोंडातून निघत नाही. जायचं नाही, हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. तहान लागल्यावर ठाऊक असतं तसं. पण 'का नाही' असं त्यानं विचारलं तर काय सांगायचं? की आठवड्यातून एकदा मी एका बंद सलूनमध्ये जाऊन बसते, म्हणून?

आईच्या आजारपणात हीच माणसं घरी येत होती. सलूनवाले दादा कात्री-वस्तरा घेऊन यायचे, आईला उशांना टेकवून बसवायचे, गळ्याला टॉवेल गुंडाळायचे आणि म्हणायचे, "बोला आजी, कुठली स्टाईल? लग्नातली की मोर्चातली?" आई हसायची, तिच्या विरळ केसांमधून कात्री किलबिलत जायची, चिमणी दाणे टिपते तशी. दादांची बायको, वहिनी, शिवणकाम करायची. तिनं आईसाठी पाठीमागून बंद लावायचे गाऊन शिवले, प्रत्येकाला छातीशी एक छोटा खिसा. "खिसा कशाला गं, मी कुठं निघालेय?" आई विचारायची. "असू द्या आई, रुमालाला. बाईमाणसाला खिसा नसला की उघडं उघडं वाटतं." मास्तरीणबाई उशाशी बसून शास्त्रपाठ करायच्या, मागच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात, आणि आईला झोप लागली तरी धडा पुरा केल्याशिवाय थांबायच्या नाहीत. आणि क्रेनवाले आजोबा. जन्मभर बंदरावर क्रेन चालवलेला माणूस, उंचावर एकटं बसून बसून बोलणं विसरलेला. ते पायथ्याशी बसून आईचा पाय हातात धरायचे. नुसता धरायचे. आई एकदा म्हणाली, "या माणसाच्या हातात माझा पाय दिला की वाटतं, आता हा मला अलगद उचलून कुठंतरी नीट ठेवील." पहाटे आई गेली तेव्हा तिच्या छातीशी वहिनीचा खिसा होता आणि खिशात घडी घातलेला रुमाल.

त्यानंतर ती बसून जेवलेली नाही. म्हणजे, घरी. स्वयंपाक करते, ताट वाढते आणि मग ताट घेऊन खिडकीशी उभी राहते. समोरच्या इमारतीतली माणसं जेवताना दिसतात, तिकडं बघत बघत घास संपवते. लोकांना चावता यावं म्हणून दिवसभर जबडे घासायचे, आणि आपल्याला आपल्याच टेबलाशी बसवत नाही. हसूच येतं. पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सलूनमध्ये तर नाहीच नाही. ज्यांनी इतकं दिलं, त्यांच्यापुढं पुन्हा हात पसरायचा म्हणजे काय? त्यांना म्हणायचं, मला आणखी हवंय?

त्या मंडळींची एक रीत होती. कुणी सुरू केली, आता कुणाला आठवत नाही; दादा म्हणायचे बाईंनी, बाई म्हणायच्या दादांनी. स्वतःसाठी कुणी स्वतः प्रार्थना करायची नाही. गाणं झालं, पाठ झाला की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ज्यानं त्यानं आपली गरज उजवीकडच्या माणसाच्या कानात सांगायची. मग ती गरज त्यानं घ्यायची, आपल्या शब्दांत देवापुढं ठेवायची, आणि आठवडाभर सांभाळायची. याला ते 'कान देणं' म्हणत. तिनं या सगळ्या वर्षांत स्वतःचं असं काहीच कुणाच्या कानात घातलं नव्हतं. आई होती तोवर आईचं सांगायची. आई गेल्यावर गिऱ्हाइकांचं सांगू लागली. कुणाच्या हिरड्या सुजल्यात, कुणाला कवळीची सवय होत नाही, कुणा नवऱ्या मुलाचे पुढचे दात लग्नाआधी बसायला हवेत. वहिनी बिचारी तिच्या उजवीकडे बसून सगळं मनापासून देवाला सांगायची. दादा एकदा म्हणाले होते, "आपल्या देवाला आता दातांच्या डॉक्टरची पदवी द्यायला हरकत नाही." सगळे हसले, तीही हसली, आणि तिच्या लक्षात आलं की हसणं हे किती चांगलं दार आहे, लावून घेता येतं आणि कुणाला कळतही नाही.

आणखी एक होतं त्यांचं. ते कशाचेही आभार मानायचे. सलूनमधला लांबलचक आरसा तडकला तेव्हा दादांनी आभार मानले की गिऱ्हाईक खुर्चीत नव्हतं. वहिनीचं मशीन बंद पडलं तेव्हा तिनं आभार मानले की निदान पाठीला विश्रांती. बाईंचा तर हातखंडाच. पावसानं छप्पर गळलं तर त्या बादलीबद्दल आभार मानतील. ही त्यांची खोड तिला फार आवडायची, मिठासारखी. पण आज संध्याकाळी कामावरून निघून, जिने उतरून, धुलाईच्या दुकानांतून येणाऱ्या वाफेतून, सायकलींच्या कडेनं चालताना तिला पहिल्यांदाच त्या खोडीची भीती वाटली. ही माणसं माझ्या जाण्याचेही आभार मानतील. गाणं म्हणून, टाळ्या वाजवून, मनापासून. आणि एकदा का त्यांनी आभार मानले की मग मी काय बोलणार? आभार मानलेली गोष्ट परत कशी करायची?

आणि झालंही तसंच. दार ढकललं तर आत नुसता गलका. आरशांवर रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. वस्तरे-ब्रश बाजूला सारून बिस्किटांच्या बशा मांडलेल्या. खुर्च्यांचा गोल नेहमीचा नव्हता. मधली मोठी खुर्ची, पायानं दाबली की वरखाली होणारी, फक्त गिऱ्हाइकांसाठी राखलेली, तिच्यासाठी पुसून ठेवली होती.

"आल्या, आल्या! चला, सत्कारमूर्तींना वर घ्या," दादा म्हणाले आणि ती बसताच त्यांनी तिला पायानं पंप मारून इतकी उंच केली की तिचे पाय लोंबकळायला लागले.

"अहो दादा, खाली घ्या, मला चक्कर येतेय."

"ताई, तिकडं गेलात तरी केस कापायला इकडंच यायचं हं. तिकडचे लोक डोकं भादरतात, मी केस कापतो. फरक आहे."

"तुम्ही गप्प बसा हो," वहिनी म्हणाली, आणि एक पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. जाड निळ्या कापडाची, आत खणच खण. "हा कपड्यांचा. हा औषधांचा. आणि हा बघा, बारका, गुबगुबीत. हा दातांचा. प्रवासात हलू नयेत म्हणून आत कापूस घालून शिवलाय." वहिनी बोलत होती, हसत होती, आणि प्रत्येक चेन उघडून लावून दाखवत होती. उघडून, लावून. पुन्हा उघडून.

"पोरी, भाऊ फार गोड बोलला फोनवर," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझ्याशी असं बोलला, जसा काही माझाच विद्यार्थी. प्रभूची केवढी दया. आपलं माणूस आपल्याला बोलावतंय. मी लगेच आभार मानले."

"हो, तो म्हणाला मला," ती म्हणाली. "तुम्ही खूश झालात म्हणाला."

"झालेच," बाई म्हणाल्या आणि बिस्कीट उचललं.

ती हसत राहिली. खुर्चीत उंच बसून, लोंबकळत्या पायांनी, मांडीवर पिशवी घेऊन ती सगळ्यांच्या थट्टांना उत्तरं देत राहिली, आणि आतून तिला वाटत होतं, आपण आत्ताच निघालेलो आहोत, गाडी हलली आहे, ही माणसं फलाटावर उभी आहेत आणि हात हलवतायत. मग गाणं झालं. वहिनीचं आवडतं, ओवीच्या चालीवरचं, सगळ्यांना येणारं:

*माझ्या गं येशूजीचं दार नाही उंच फार,*
*वाकून आत येतो ज्याच्या डोईवर भार.*

दादा टेबलावर कंगव्यानं ठेका धरत होते. बाई नेहमीप्रमाणे एक ओळ पुढं होत्या. आणि ती गाताना विचार करत होती, भार असलेला वाकून आत येतो हे ठीक, पण आत आलेल्यानं भार कुठं ठेवायचा हे या गाण्यात का नाही. मग पाठ झाला. कुठला, तिला कळलं नाही.

"चला, कान देऊ या," बाई म्हणाल्या.

आता वहिनी तिच्या उजवीकडे असणार, आणि ती वहिनीच्या कानात म्हणणार, प्रवास नीट होऊ दे. एवढंच. प्रवासासाठी प्रार्थना होईल, आमेन होईल, आणि मग घरी जाऊन भावाला फोन. पिवळा म्हणायचं की हिरवा, तेवढं ठरवायचं राहिलं होतं. पण वहिनी उठायच्या आत क्रेनवाले आजोबा खुर्चीतून उठले, आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि अलगद आणून तिच्या उजवीकडे ठेवली.

"आज मी," ते म्हणाले. "माझ्या तोंडातले दात हिचे आहेत. हिचं मागणं याच तोंडानं मागायचं."

इतकं लांब वाक्य आजोबांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्या नवलात एक साधी गोष्ट सगळेच विसरले: आजोबांचा डावा कान पूर्ण बहिरा होता. एरवी त्यांच्या डावीकडे दादांना बसवत, कारण दादांचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं ओरडणं. सगळ्यांनी डोळे मिटले. आजोबांनीही मिटले, डावा कान तिच्याकडे झुकवला आणि थांबले.

तिनं खुर्चीतून वाकून कानाशी तोंड नेलं. "प्रवास नीट होऊ दे," ती पुटपुटली.

आजोबा थांबूनच राहिले.

"प्रवास," ती जरा मोठ्यानं म्हणाली.

"ऐकू येत नाही," आजोबा म्हणाले. डोळे मिटलेलेच. "काही घाई नाही. नीट सांग."

तिला हसू फुटणार होतं. तिनं मान वर केली, की आता कुणीतरी हसेल, दादा काहीतरी बोलतील आणि सुटका होईल. पण बाकीचे आपापल्या कानांत गुंतले होते. आणि त्या उंच खुर्चीतून, रंगीत पट्ट्यांच्या मधून, तिला समोरच्या आरशात सगळी माणसं दिसली. मागच्या आरशात त्यांच्या पाठी, पुढच्या आरशात त्यांचे चेहरे, आणि आरशात आरसा, म्हणून पुन्हा पाठी, पुन्हा चेहरे, लांबवर, लहान लहान होत गेलेली सगळी मंडळी. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आपल्याला कुणी बघत नाही असं वाटल्यावर माणसाचा चेहरा खुर्चीवर टाकलेल्या कपड्यासारखा सैल पडतो. दादांचा तसा पडला होता. संध्याकाळभर थट्टा करणारं ते तोंड लहान मुलासारखं खाली ओघळलं होतं आणि हातातला कंगवा अंगठ्याखाली एकेक दात वाजवत थांबत होता. वहिनीनं पदर नाकाशी दाबून धरला होता. आणि बाई. बाईंचं तोंड तिनं घडवलं होतं. ते मिटलं की कसं मिटतं, हसू दाबलं की कुठं सुटतं, खोटं बोललं की ओठ कुठं ताणतो, हे तिला मेणात पाहिल्यासारखं ठाऊक होतं. बाईंनी जबडा आवळून धरला होता. गालाच्या मागची गाठ उठून, बसून, पुन्हा उठत होती. खूश माणूस असा दात आवळत नाही. रडू यायचं असलं आणि येऊ द्यायचं नसलं की आवळतो. आणि बाई तर जन्मभर वर्गापुढं उभ्या राहिलेल्या, त्यांना न रडण्याची सवयच होती.

मग हे असंच होतं तर. ती सगळं समजून उंच खुर्चीत बसून राहिली. देवाच्या आड आपण येऊ नये, भावाच्या आड येऊ नये, म्हणून या वेड्यांनी आभार मानले होते. बादलीचे मानतात तसे, छप्पर गळत असताना. आणि ती आपली वरवर हसत बसली होती, यांना आपण नकोसे झालो असं समजून. इतक्या वर्षांची संगत, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या कानात देवाची इच्छा सांगितली, आपली सांगितलीच नाही. हसावं की रडावं, तिला धड कळेना. लहानपणी झोका फार उंच गेला की व्हायचं तसं.

"पोरी," आजोबा म्हणाले, त्यांचा मोठा हात खुर्चीच्या हातावर तिच्या हाताशेजारी येऊन थांबला, "मोठ्यानं बोल. देवाला ऐकू येतं. मला येत नाही."

कुठलीही गोष्ट कानात सांगायची रीत, आणि कान असा, की सांगितलं तर सगळ्यांना कळणार. तिनं एकदा दाराकडं पाहिलं. मग आजोबांच्या त्या बंद पडलेल्या, सुरकुतलेल्या, झुकून वाट बघत असलेल्या कानाला ओठ लावले, छाती भरून श्वास घेतला, आणि आरशांतले सगळे डोळे एकदम उघडतील इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"मला जायचं नाही, आजोबा! मला जाऊ देऊ नका!"